पिन डायोडने बँड बदलणारा छापील अँटेना

पिन डायोड म्हणजे डीसी प्रवाहाने चालू-बंद होणारा स्विच. अँटेनाच्या पट्टीतल्या फटीत तो बसवला की पट्टीची लांबी, म्हणजेच बँड, बदलता येतो. १.६ मिमी जाडीच्या एफआर-४ (नेहमीच्या काचतंतू-इपॉक्सी) बोर्डावर ३ मिमी रुंदीची फीड पट्टी, म्हणजे कनेक्टरपासून अँटेनाकडे सिग्नल नेणारी पट्टी, साधारण ५० ओहमची होते. ग्राउंड संपतं तिथून पुढे हीच पट्टी २६ मिमी वाढवा. तिच्या मागे तांबं अजिबात नको. ग्राउंडच्या काठापासून १६ मिमीवर ब्लेडने ०.८ मिमीची फट पाडा. फट उघडी असताना अँटेना ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपास लागतो, जोडली की २.४५ च्या आसपास. दोनेक मिमी मुद्दाम जास्त आहेत, ते टोकाकडून खरवडत नेमकं जुळवायचं.

डायोडची घाई नको. फट आधी उघडी ठेवून, मग तांब्याच्या पट्टीने डाग देऊन, दोन्ही वेळा व्हीएनएवर (नेटवर्क ॲनालायझरवर) एस-११, म्हणजे अँटेनाकडून परत येणारा सिग्नल, बघा. अँटेना जिथे लागतो तिथे त्या आलेखात खड्डा दिसतो. खड्डा उणे १० डेसिबेलपर्यंत पोचत नसेल तर डायोड लावून तो सुधारणार नाही. केबलवर हात फिरवल्यावर खड्डा सरकतोय? मग केबलच अँटेना झाली आहे, ग्राउंड मोठं करा.

आता फटीवर डायोड लावा, ॲनोड (धन टोक) फीडकडे. कनेक्टरनंतर लगेच फीड पट्टी तोडून २२ पिकोफॅरडचा कपॅसिटर टाका, नाहीतर डीसी थेट व्हीएनएच्या पोर्टात जाईल. त्याच्या पुढे, अँटेनाच्या बाजूला, ३९० ओहमचा रोध आणि २२ नॅनोहेन्रीच्या कॉइलमधून ५ व्होल्ट द्या. साधारण १० मिलिअँपिअर मिळतात. कॅथोडलगत (ऋण टोकालगत) तशीच दुसरी कॉइल आणि तिच्यापासून बारीक रेघ ग्राउंडपर्यंत. ही कॉइल पट्टीला चिकटूनच हवी. ती ग्राउंडजवळ नेलीत तर मधली रेघ अँटेनाचाच भाग होते. पट्टीच्या टोकालाही नको, तिथे व्होल्टेज सर्वांत जास्त असतं. ‘मोठी कॉइल बरी’ म्हणून १०० नॅनोहेन्री लावू नका. एवढ्या वारंवारितेला ती कॉइल न राहता कपॅसिटरसारखी वागते.

सगळ्यात जास्त फसवतो तो बंद डायोड. त्याची ०.२ पिकोफॅरड धारिता (कपॅसिटन्स) ३.५ गिगाहर्ट्झला जेमतेम २२७ ओहम अडथळा देते, त्यामुळे पुढचा तुकडा अर्धवट जोडलेलाच राहतो आणि खड्डा उघड्या फटीपेक्षा खाली येतो. फट फीडकडे मिलिमीटरभर सरकवून पुन्हा मोजा. बंद स्थितीत शून्याऐवजी उलटे ५ व्होल्ट दिले तर धारिता थोडी घटते.

हाच डायोड २८ गिगाहर्ट्झला वापरला तर अडथळा उरतो फक्त २८ ओहम, म्हणजे स्विच कधी बंदच होत नाही. तिथे ०.०२५ पिकोफॅरडच्या आसपासचे गॅलियम आर्सेनाइड डायोड किंवा मेम्स (सूक्ष्म यांत्रिक) स्विच लागतात, आणि एफआर-४ ऐवजी सिग्नलची कमी हानी करणारा बोर्ड.