पाय कापल्यानंतर तेल, शेक, लेप, आरसा: काय करायचं, काय नाही

आधी तेलाचं बघू, कारण घरी भेटायला येणारा प्रत्येक जण पहिलं तेच सुचवतो. टाके निघून जखम पूर्ण भरेपर्यंत स्टंपला, म्हणजे कापल्यावर उरलेल्या पायाला, तेल लावायचं नाही, एवढुशी खपली राहिली असेल तरी नाही. डॉक्टर हो म्हणाले की तिळाचं नाहीतर खोबरेल घ्या, दोन-चार थेंब, आणि बोटांनी हलक्या हाताने गोल गोल चोळा, व्रणाजवळ जरा जास्त वेळ, म्हणजे तिथली कातडी खाली चिकटून बसत नाही आणि स्पर्शाचीही सवय होते. पण हे रात्रीच. सकाळी तेल लावून नकली पाय चढवला की लायनर, म्हणजे स्टंपवर आत घालायचा मऊ मोजा, सरकतो, कातडी घासते, फोड येतो आणि मग कितीतरी दिवस पाय घालताच येत नाही. सकाळी साबणाने धुवायचं, नीट कोरडं करायचं, बास.

शुगरमुळे पाय गेला असेल तर शेक नकोच, मिठाच्या पुरचुंडीचाही नको, गरम लागलेलं कळत नाही आणि भाजून निघतं. उघड्या जखमेवर हळद, चुना, पाल्याचा रस काहीही थापू नका प्लीज. लाली, पू, वास, ताप, काळी पडलेली कातडी दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता नसलेल्या पायाचं दुखणं. बोटं मुरगळल्यासारखी वाटतात, तळव्याची आग होते, आणि घरचे म्हणतात बाहेरचं काहीतरी लागलंय. तसं काही नसतं हो, मेंदूत तो पाय अजून असतो आणि कापलेल्या नसा सिग्नल पाठवत राहतात. मेंदूचे शास्त्रज्ञ डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात यावर आरशाचा उपाय आणला, तो घरी जमतो. पाय लांब करून बसा, दोन्हींच्या मध्ये उभा आरसा धरा, स्टंप आरशामागे, चांगला पाय पुढे. आरशात बघत घोटा सावकाश फिरवा, बोटं उघडा-मिटा, आणि मनाने दोन्ही पाय हलवा. रोज पंधरा मिनिटं, काही आठवडे. सगळ्यांना फरक पडतोच असं नाही, चक्कर आली किंवा दुखणं वाढलं तर थांबा आणि फिजिओला विचारा.

योगात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते मकरासन, म्हणजे साधं पालथं पडून राहणं. दिवसभर बसून मांडीचा सांधा आखडतो आणि मग जयपूर फूट घालूनही नीट उभं राहता येत नाही. स्टंपखाली उशी ठेवायची सवय पण त्यासाठीच मोडा.

पोटात घ्यायचं काही असेल तर डॉक्टर आणि वैद्य दोघांनाही सगळं सांगा. कारल्याचा रस आणि शुगरची गोळी एकत्र झाली तर शुगर खूप खाली जाऊ शकते. भस्मं मनाने घेऊ नका, काहींत पारा, शिसं असतं. नसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या अचानक बंद करायच्या नाहीत, आणि त्या चालू असताना झोपेसाठी अश्वगंधा घेतली तर गुंगी वाढू शकते, अशात माणूस रात्री बाथरूमला उठतो, पाय नाही हे विसरतो आणि पडतो. म्हणून कुबडी पलंगाला टेकवून हाताशी ठेवा.