मुंबईच्या बाल्कनीत गुलाब: कलमाचा सांधा आधी बघा

नर्सरीत गेल्यावर नजर फुलाकडे जाते, पण गुलाब घेताना बुंध्याकडे बघावं. विकत मिळणारे बहुतेक गुलाब जंगली गुलाबाच्या खुंटावर, म्हणजे मुळांसकट खालच्या बुंध्यावर, हव्या त्या गुलाबाचा डोळा (जिथून फांदी फुटते तो कोंब) बसवून केलेले असतात. तो सांधा जाड गाठीसारखा दिसतो. कुंडीत लावताना गाठ मातीच्या वर ठेवा. गाठीखालून फुटलेली जोमदार, लांबलचक फांदी खुंटाची असते, आपल्या गुलाबाची नव्हे. हिरवीगार दिसते म्हणून ती ठेवण्याचा मोह होतो, आणि हळूहळू कलमच मरतं. दिसताक्षणी ती फांदी जिथून फुटली तिथूनच काढा.

खिडकीत पाच-सहा तास थेट ऊन येत नसेल तर गुलाब आणूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. ऊन असेल तर पहिलं रोप गावठी गुलाबी गुलाबाचं घ्या. सुगंध तर आहेच, शिवाय आपल्या दमट हवेत तो मोठ्या फुलांच्या संकरित जातींपेक्षा चिवट निघतो.

कुंडी किमान १२ इंची. नुसती लाल माती दगडासारखी घट्ट होते, म्हणून त्यात कंपोस्ट आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळा.

पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके येतात. ती बुरशी आहे. अशी पानं, खाली गळलेलीसुद्धा, उचलून टाका. पाणी सकाळी आणि मातीतच घाला. पाऊस सरला की ऑक्टोबरात बाहेरच्या बाजूला असलेल्या डोळ्याच्या जरा वर तिरकी छाटणी करा. साधारण दीड-दोन महिन्यांत, ऐन थंडीत, कळ्या धरतात.