एडिटर तुमचा, रेपॉझिटरी सगळ्यांची

नव्या नोकरीत लॅपटॉप मिळाला तरी पहिला आठवडा परवानग्यांची वाट बघण्यातच जातो. व्हीपीएन, जिरा (कामांची नोंद), गिट (कोडमधल्या बदलांचा इतिहास), सगळ्याची तिकिटं आयटीकडे पडून असतात. मग या रिकाम्या वेळात बहुतेक फ्रेशर्स व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर सजवायला घेतात. यूट्यूबवर कुणीतरी सांगितलेली सगळी एक्स्टेन्शन्स (एडिटरला जोडायच्या जादा सोयी) टाकायची, डार्क थीम, लिगेचरवाला (चिन्हं जोडून दाखवणारा) फॉन्ट, आयकॉन पॅक. हौस म्हणून माझी काही हरकत नाही. पण पुण्यात बरीच वर्षं टीम सांभाळताना दिसतं ते असं, की पहिल्या आठवड्यात सजवलेला एडिटर दोन-तीन महिन्यांत पुन्हा आवरावा लागतो. आपण नेमकं काम काय करणार आहोत, कोड लिहिणार की जुना वाचत बसणार, हेच तोवर ठाऊक नसतं.

त्यामुळे आधी एक वाटणी समजून घ्या. ज्या सेटिंगचा परिणाम कमिटमध्ये, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेल्या बदलात, उतरतो, ती टीमची. ज्या सेटिंगचा परिणाम तुमच्या स्क्रीनपुरता राहतो, ती तुमची. थीम, फॉन्ट, शॉर्टकट, साइडबार डावीकडे की उजवीकडे, यात कुणी नाक खुपसायचं कारण नाही. इंडेंटेशन (ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा), लाइन एंडिंग (ओळ संपल्याची न दिसणारी खूण), फॉरमॅटर (कोडची मांडणी आपोआप करणारं साधन), जावाची किंवा नोडची व्हर्जन यांत मात्र तुमची आवड चालणार नाही, आणि तुमच्या लीडचीही चालू नये.

ही वाटणी झाली नाही की काय होतं? आमच्याकडे एका नव्या मुलाची पहिली पुल रिक्वेस्ट (माझे बदल तपासून सामील करा, अशी विनंती) आली. बग अगदी छोटा, पण डिफ, म्हणजे जुन्या-नव्यातला फरक, उघडला तर साडेअकराशे ओळी लाल-हिरव्या.

“अरे, एवढं काय काय बदललंस?”

“सर, खरंच तीनच ओळी बदलल्यात.”

तो खरंच बोलत होता. त्याच्या एडिटरमध्ये ‘फॉरमॅट ऑन सेव्ह’ चालू होतं आणि फॉरमॅटर होता प्रेटियर. प्रेटियरला काही सांगितलं नाही तर तो दोन स्पेसचं इंडेंटेशन धरतो. आमच्या जुन्या फाइल्स चार स्पेसच्या. त्याने फाइल सेव्ह केली आणि सगळ्या ओळी सरकल्या. यात त्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता, कारण चार स्पेस हा नियम प्रोजेक्टमध्ये कुठे लिहिलेलाच नव्हता; तो जुन्या लोकांच्या डोक्यात होता.

यावरचा उपाय जुना आणि फुकट आहे: रेपॉझिटरीच्या, म्हणजे गिटने सांभाळलेल्या प्रोजेक्ट फोल्डरच्या, मुळाशी एक डॉट-एडिटरकॉन्फिग फाइल. त्यात टॅब की स्पेस, किती स्पेस, लाइन एंडिंग कुठलं, एन्कोडिंग कुठलं, एवढंच लिहायचं. इंटेलिजे हा एडिटर ही फाइल आपणहून वाचतो, निओविम (विम या एडिटरचा नवा अवतार) हाही नव्या व्हर्जनमध्ये वाचतो, प्रेटियरही तिची दखल घेतो. व्हीएस कोडला मात्र त्यासाठी एक छोटं एक्स्टेन्शन लागतं. जुना कोड एकदाच सरळ करायचा असेल तर त्याची वेगळी कमिट करा आणि त्या कमिटचा हॅश, म्हणजे तिचा ओळख क्रमांक, एका फाइलमध्ये नोंदवा. २०१९ च्या गिट २.२३ पासून ‘ब्लेम’ला (कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणारी कमांड) ती फाइल दाखवून अशा कमिट वगळायला सांगता येतं. नाहीतर पाच वर्षांपूर्वीच्या प्रत्येक ओळीवर फॉरमॅट करणाऱ्याचंच नाव दिसत राहील आणि बिचाऱ्याला उगाच प्रश्न विचारले जातील.

लाइन एंडिंगचं दुखणं निम्मी टीम विंडोजवर आणि निम्मी मॅकवर असली की हमखास निघतं. विंडोजवर सेव्ह केलेली शेल स्क्रिप्ट लिनक्स सर्व्हरवर ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणत कोसळते, आणि पहिल्या ओळीच्या शेवटी एक न दिसणारं कॅरेज रिटर्न असतं. हे प्रत्येकाच्या एडिटरवर सोडू नका. डॉट-गिटॲट्रिब्यूट्स फाइलमध्ये शेल स्क्रिप्टसाठी एलएफ हे लिनक्सचं लाइन एंडिंग ठरवून टाका, विषय संपला.

व्हीएस कोडमध्ये युजर सेटिंग्ज आणि वर्कस्पेस सेटिंग्ज असे दोन थर आहेत आणि वर्कस्पेसचा थर वरचढ ठरतो. वर्कस्पेसची फाइल डॉट-व्हीएसकोड फोल्डरमध्ये राहते आणि कमिट करता येते. डीबगरची मांडणी, शिफारस केलेली एक्स्टेन्शन्स, कुठला फॉरमॅटर वापरायचा, हे तिथे खुशाल ठेवा. एकाने तिथे फॉन्ट साइज २२ कमिट केला होता. सकाळी पुल केल्यावर, म्हणजे नवे बदल ओढून घेतल्यावर, सगळ्यांच्या स्क्रीनवर बाराखडी शिकवायला काढल्यासारखी अक्षरं!

आता तुमच्या वाटणीचं. कुठला एडिटर चांगला, हे भांडण पूर्वीइतकं जोरात होत नाही, त्याला कारण आहे. प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषेसाठी वेगळा आधार लिहावा लागायचा. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल खुला केला. तेव्हापासून भाषेची जाण एका सर्व्हरमध्ये असते आणि कुठलाही एडिटर त्याच्याशी बोलतो. गो-साठी जो जीओपीएलएस व्हीएस कोड वापरतो, तोच निओविमही. मोठ्या जावा किंवा कॉटलिन प्रोजेक्टसाठी मी अजूनही इंटेलिजेच सुचवतो, बाकी तुमचा हात जिथे बसेल ते घ्या.

आमच्याच टीमची उदाहरणं देतो. बँकिंगच्या जुन्या जावा कोडवर काम करणारी एकजण दिवसभरात लिहिते थोडं, वाचते फार. तिला कॉल हायरार्की (कोण कुणाला बोलावतं ते) आणि कंडिशनल ब्रेकपॉइंट (ठरावीक अट जुळली की प्रोग्राम थांबवणारी खूण) एका बोटावर हवेत. ती एक्लिप्स या एडिटरवरून आली, म्हणून इंटेलिजेत तिने कीमॅप (शॉर्टकटांची मांडणी) एक्लिप्सचाच ठेवलाय, आणि ते अगदी बरोबर आहे. सर्व्हर सांभाळणारा सहकारी विमवर जगतो, पण त्याची विमआरसी, म्हणजे विमच्या सेटिंग्जची फाइल, जेमतेम पानभर. त्याचं म्हणणं, ग्राहकाच्या मशिनवर कोरा व्हीआय, म्हणजे विमचा पूर्वजच, मिळणार. तिथे माझी सवय अडायला नको.

तिसरा सहकारी बघू शकत नाही. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरून पायथन लिहितो. रंगीत कंस, मिनिमॅप (कडेला दिसणारं फाइलचं छोटं चित्र), लिगेचर यांचा त्याला शून्य उपयोग. त्याने एनव्हीडीएमध्ये ओळीचं इंडेंटेशन सुरावटीने ऐकू येईल असं ठेवलंय. ओळ आत गेली की सूर बदलतो. पायथनमध्ये इंडेंटेशन म्हणजेच अर्थ, त्यामुळे ब्लॉक कुठे संपला हे त्याला बोलून सांगावं लागत नाही. चुकीच्या ओळीवर आणि ब्रेकपॉइंटवर व्हीएस कोड आवाज देतो, तेही त्याने चालू ठेवलंय. एफ-८ दाबत तो एका एररवरून दुसऱ्या एररवर जातो. हे बघून आमच्यातल्या दोघा-तिघांनी माउस सोडून एफ-८ची सवय लावून घेतली.

मराठी मजकुराचं ॲप करत असाल तर आणखी एक. विमच्या नॉर्मल मोडमध्ये, जिथे अक्षरं टाइप न होता कमांड म्हणून चालतात, मराठी कीबोर्ड चालू राहिला की कमांड चालत नाहीत, कारण जे-च्या जागी देवनागरी अक्षर पोचतं. विमचा ‘कीमॅप’ पर्याय वापरलात तर दुसरी लिपी मजकूर लिहायच्या इन्सर्ट मोडपुरतीच राहते. आणि मोनोस्पेस फॉन्टमध्ये देवनागरीचे रकाने सरळ येतील ही आशा सोडा.

स्वतःची मांडणी करताना माझी पद्धत अशी. एक कोरी फाइल उघडी ठेवायची आणि काम करताना जे खटकेल ते तिथे एका ओळीत लिहायचं: ‘टेस्ट चालवायला दरवेळी टर्मिनलमध्ये जावं लागतं’, ‘लॉगमध्ये एरर सापडत नाही’. शुक्रवारी त्यातली एकच गोष्ट सोडवायची. आधी कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून, म्हणजे व्हीएस कोडची कमांडची यादी उघडून, ती सोय एडिटरमध्येच आहे का बघायचं, बऱ्याचदा असते. नसेल तरच एक्स्टेन्शन, तेही प्रकाशक कोण आहे ते बघून. एक्स्टेन्शन तुमच्याच परवानग्यांनी चालतं, म्हणजे तुम्हाला जी फाइल वाचता येते ती त्यालाही येते.

एडिटर रेंगाळायला लागला तर एकेक एक्स्टेन्शन काढत बसू नका. व्हीएस कोडमध्ये ‘एक्स्टेन्शन बायसेक्ट’ नावाची कमांड आहे. ती निम्मी बंद करते, त्रास आहे का विचारते, मग उरलेल्यांतली निम्मी. ३२ एक्स्टेन्शन्स असली तरी पाचेक फेऱ्यांत गुन्हेगार सापडतो. डेमोसाठी वेगळं प्रोफाइल ठेवा: फिकी थीम, मोठा फॉन्ट, नोटिफिकेशन बंद.

हे सगळं जमलं की सेटिंग्जच्या फाइल्स स्वतःच्या गिट रेपॉझिटरीत ठेवा, म्हणजे लॅपटॉप बदलला तरी तासाभरात काम सुरू होतं. फक्त पब्लिक करण्याआधी त्या एकदा नीट वाचा. शेलच्या फाइलमध्ये ॲक्सेस टोकन आणि गिटच्या फाइलमध्ये ऑफिसच्या प्रॉक्सीचा पासवर्ड राहून गेलेला मी एकापेक्षा जास्त जणांचा पाहिलाय. आणि ऑफिसच्या मशिनवर वैयक्तिक खात्याने सेटिंग्ज सिंक चालू करायचं असेल तर आधी आयटीला विचारा. बऱ्याच कंपन्यांत ते चालत नाही.