घरी कूलंट बदलताना या चुका टाळा (आणि बोरचं पाणी लांब ठेवा)

"पानी ते पानीच शे ना, भाऊ!" कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवायला रेडिएटरमध्ये घालतात ते रंगीत द्रव, बदलायचा विषय निघाला की आमच्या भुसावळच्या गल्लीत हे वाक्य ठरलेलं. म्हणणाऱ्याच्या हातात बोरच्या पाण्याची बादली असतेच.

मला नवल शेतकऱ्यांचं वाटतं. रावेर-सावद्याकडचा केळीवाला ड्रिपरमध्ये क्षार बसू नयेत म्हणून नळ्यांना ॲसिड सोडतो आणि त्याच बोरचं पाणी बिनघोर रेडिएटरमध्ये ओततो. घरातल्या कूलरच्या गवताच्या जाळ्या मे संपता संपता पापडासारख्या कडक होतात, वर पांढरी पुटं चढतात. तेच पाणी गाडीत उकळीच्या जवळपास तापत राहतं आणि रेडिएटरच्या चपट्या नळ्या आतून जेमतेम दोनेक मिलिमीटरच्या. मागच्या वर्षी एका पिकअपचा रेडिएटर उतरवायला मी हाताशी होतो. वरून पाणी सोडलं तर निम्म्या नळ्यांतून खाली थेंब येईना. कूलंटमध्ये मिसळायला बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी घ्या, पाच लिटरचा कॅन काही कुणाचं दिवाळं काढत नाही. घरच्या आरओचं पाणीही नको, त्यात थोडे का होईना क्षार राहतातच.

दुसरा लाडका प्रश्न, "आपल्याकडे कुठं बर्फ पडतो, कूलंट कशाला?" निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी हे मिश्रण उघड्यावरच साधारण १०७ अंशांना उकळतं, झाकणाच्या दाबाखाली आणखी वर. शिवाय गंज रोखणारी रसायनं साध्या पाण्यात नसतात. जळगाव-भुसावळचा पारा ४५ वर जातो, तिथं कूलंट टाळणं म्हणजे उन्हात डोक्याला रुमाल नको म्हणण्यासारखं आहे.

गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडू नका. झाकणावर ०.९ किंवा १.१ बार लिहिलेलं असतं, तो दाब सुटला की आतलं पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. मी हे काम पहाटे, चहाच्या आधी करतो. गाडी रात्रभर उभी असते, वरचा होज (रबरी नळी) हाताला थंड लागतो आणि ऊनही नसतं. "दुपारी अर्ध्या तासात उरकतो" म्हणणाऱ्याला मी पानाही देत नाही.

आता माझ्या भाच्याची गोष्ट. गाव पाचोरा. मोबाइलवर "दहा मिनिटांत कूलंट बदला" असं काहीतरी पाहिलं, खालचा प्लग सोडला, रेडिएटर रिकामा केला, नवं गळ्यापर्यंत भरलं, झाकण लावलं आणि बायकापोरांना घेऊन वेरूळला निघाला. महिना मे. चाळीसगावपर्यंत सगळं ठीक. कन्नड घाटात ट्रकांच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढताना काटा लाल पट्ट्यात गेला. मला फोन.

मी म्हटलं, "हीटर पूर्ण गरमवर कर. कसली हवा येते?"

"थंड येतेय, मामा!" पठ्ठ्याचा आवाज खूश.

तिथंच मला कळलं. इंजिन तापलेलं आणि हीटरमधून गार हवा, म्हणजे आत हवा अडकलीय किंवा कूलंट कमी आहे. हीटरच्या कोरपर्यंत, म्हणजे त्याच्या आतल्या छोट्या रेडिएटरपर्यंत, गरम पाणी पोचतच नाही. "इंजिन बंद कर, तासभर हात लावू नकोस," असं मी दोनदा सांगितलं. त्यानं वीसेक मिनिटं धीर धरला, मग कापड धरून झाकण सोडलं आणि थर्मासमधलं बर्फाचं पाणी ओतलं. हात वाचला, इंजिनाचं हेड (वरचा भाग) वाकलं. त्याखालचं गॅस्केट (सील) गेलं, पाणी तेलात मिसळलं, डिपस्टिकवर (तेल मोजायच्या सळईवर) तेल दुधाच्या चहासारखं. कूलंट बदलायचे सहाशे रुपये वाचवायला निघालेला माणूस २५ हजारांना पडला.

हवा काढायची माझी पद्धत अशी. गाडीचं तोंड चढावर. हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर हळू (मे महिन्यात हा छळ आहे, पण सोसावा). झाकण थंडपणी उघडं ठेवूनच इंजिन चालू करायचं, कूलंट बारीक धारेनं भरत राहायचं. मधूनमधून होज दाबले की बुडबुडे वर येतात. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो, तेव्हा पातळी अचानक खाली जाते. तिथंच आपल्याकडचे उतावळे झाकण लावून मोकळे होतात. कूलंट वर उसळू लागलं तर मात्र मागे सरा. रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद झाला आणि हीटरमधून गरम हवा आली, मगच हवा निघाली असं मी धरतो. रेडिएटरवर झाकणच नसेल तर हेच कूलंटच्या टाकीच्या तोंडातून करायचं. काही गाड्यांना हवा सोडायचा स्क्रू असतो, तो विसरू नका.

पाण्यानं आतून धुतलं असेल तर हिशोबही बदलतो. खालून सगळं कधीच निघत नाही, इंजिनच्या पोटात बरंच उरतं. वरून निम्मं-निम्मं मिश्रण ओतलं की आतल्या पाण्यानं ते आणखी पातळ होतं. गाडीत एकूण पाच लिटर मावत असतील तर आधी अडीच लिटर निव्वळ कूलंट आणि वरून मावेल तेवढं डिस्टिल्ड पाणी. निव्वळ कूलंटच भरलं तर जास्त चांगलं, हाही गैरसमजच; ते एकटं पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही.

रंग बघून कूलंट घेऊ नका. हिरवं, गुलाबी, नारिंगी हा कंपन्यांचा मामला आहे, पुस्तिकेत प्रकार लिहिलेला असतो. दोन प्रकार मिसळले तर आत चिखल होऊ शकतो.

खालचा प्लग बहुतेक प्लास्टिकचा असतो, उष्णतेनं ठिसूळ होतो. हाताने घट्ट करा, पक्कड नको.

काढलेलं कूलंट घमेल्यात उघडं ठेवू नका. ते गोड लागतं आणि कुत्र्याला थोडंसंही जिवावर बेततं. घरात लहान पोरं असतील तर जास्तच जपा. मी जुन्या कॅनमध्ये भरून बूच लावतो. गटारीत किंवा विहिरीच्या काठाला तर अजिबात नाही.

पुढच्या तीन सकाळी, गाडी चालू करायच्या आधी, टाकीची पातळी बघा. पहिल्या दिवशी थोडी उतरली तर उरलेली हवा निघाली असं समजून भरून घ्या. तिसऱ्या दिवशीही उतरत असेल तर खाली वाकून क्लॅम्प, प्लग आणि वॉटर पंपाखाली वाळलेला गुलाबी-हिरवा डाग शोधा.