कुत्रा लीश ओढतो? तुम्ही फक्त थांबा
कुत्रा लीश, म्हणजे त्याला फिरवायला धरतो तो पट्टा, ओढतो कारण ओढलं की पुढे जायला मिळतं, आणि हे त्याला आपणच शिकवलेलं असतं. मग उलटं करायचं. लीश ताणली गेली की जागच्या जागी थांबायचं, ओरडायचं नाही, मागे खेचायचं तर अजिबात नाही कारण तुम्ही खेचलं की तोही उलटा जोर लावतो. नुसतं उभं राहायचं. थोड्या वेळाने तो मान वळवून बघतो की हा का थांबला, एखादं पाऊल मागे येतो, लीशला मध्ये झोळ पडतो, त्याच क्षणी "शाब्बास" म्हणून खाऊ द्यायचा, तोही आपल्या मांडीजवळ हात धरून, म्हणजे खाऊ कुठे मिळतो ते त्याच्या डोक्यात बसतं. खाऊ दिला की लगेच चालायला लागायचं.

पहिल्या दिवशी १० मिनिटांत गेटपर्यंतसुद्धा पोचणार नाही, चालेल. सुरुवात घरातच करा, बाहेर वासच एवढे असतात की बिचाऱ्याचं लक्ष कुठून लागणार! लीश साधी ६ फुटी घ्या, ती आपोआप लांब होणारी सध्या नको, तिच्यात कायम ताण असतो. आणि पुढे छातीवर हुक असलेला हार्नेस, म्हणजे अंगाभोवती बांधायचा पट्टा, बरा, मानेवर ताण येत नाही.

हो, घरातल्या सगळ्यांनी हेच करायचं. आमच्याकडे मी थांबायचो आणि बाबा मात्र त्याच्यामागे पळत सुटायचे, माझी दोन आठवड्यांची मेहनत पाण्यात.