कॉम्प्रेशन कमी असलेलं जुनं इंजिन होडीत चढवण्याआधी

१ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी म्हणजे किनाऱ्यावर इंजिनं बदलायचे दिवस. मिरकरवाडा, हर्णै, देवगड, मालवण, कुठेही जा, होड्या शाकारून झाल्या की जुन्या इंजिनांचे सौदे सुरू होतात. घाटावरच्या ट्रकमधून काढलेलं सहा सिलिंडरचं लेलँड नाहीतर दुसऱ्या नौकेतून उतरवलेलं इंजिन, आणि विकणाऱ्याचं ठरलेलं वाक्य: ‘चालू आहे, फक्त कॉम्प्रेशन जरा कमी आहे.’ कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये हवा दाबतो तो दाब. हवा नेमकी कुठून पळते हे कळलं तर अशा इंजिनाची रास्त किंमत ठरवता येते. ते न कळता घेतलं तर नारळी पौर्णिमेच्या तोंडावर इंजिन उघडायची वेळ येते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेली हवा ५०० अंशांच्या आसपास तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. दाब कमी म्हणजे उष्णता कमी, म्हणून आधी पहाटेचा थंड स्टार्ट जातो. ट्रकला उतारावर विसावा मिळतो, होडीच्या पंख्याला मिळत नाही. बंदरातून निघाल्यापासून इंजिन सतत भारावर असतं. रस्त्यावर बरं चाललेलं इंजिन समुद्रात मान टाकतं ते यामुळे.

बघायला जाल तेव्हा इंजिन थंडच हवं. पोहोचल्याबरोबर हात एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळीवर ठेवा. कोमट लागला तर तुम्ही यायच्या आधी ते चालवून ठेवलंय, दुसऱ्या दिवशी सकाळी या. थंड स्टार्टला पांढरा, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा धूर मिनिटभरात विरला तर ठीक. तो पाच मिनिटं टिकला तर कॉम्प्रेशन, टायमिंग (डिझेल फवारायची वेळ) किंवा नोझल (डिझेल फवारणारं टोक) यांतलं काहीतरी बिघडलंय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. चालू करण्यासाठी कोणी एअर इनटेकमध्ये ईथरचा स्प्रे मारू लागला तर तिथेच थांबवा. त्याने पिस्टनच्या लँड, म्हणजे रिंगांच्या खाचांमधल्या कडा, फुटतात, आणि इंजिन स्वतःहून पेटत नाही हे कळायला एवढं पुरेसं आहे.

चालू इंजिनाचं ऑइल भरायचं झाकण काढून तोंडावर उलटं ठेवा. ते थरथरलं तर चालेल. उडून पडलं, किंवा ब्रीदरमधून (इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) वाफाळलेल्या भांड्यासारखा सलग धूर आला, तर पिस्टनभोवतीच्या रिंगांमधून वायू खाली जातोय. झाकणाच्या आतली पांढरट साय मात्र पावसाळ्यात चांगल्या इंजिनातही दिसते, कारण हवेतली ओल तिथे जमते. खात्रीसाठी डिपस्टिकवरचं थेंबभर ऑइल तापलेल्या पत्र्यावर टाका. तडतडलं तर ऑइलमध्ये पाणी आहे.

आता दाब मोजायचं गेज. पेट्रोल गाडीचं ३०० पीएसआयचं (पीएसआय हे दाबाचं माप) गेज इथे फुटेल, १००० पीएसआयचं डिझेल गेज लागतं. इंजेक्टर (डिझेल फवारणारा भाग) काढून त्याच्या भोकात ते लावतात. ते कशावर लावलंय हेही बघा, कारण निम्मे चुकीचे आकडे इथेच तयार होतात. आपल्याकडे लेथवाल्याकडून जुन्या इंजेक्टरचं कवच पोकळ करून त्यावर निपल बसवून घेतात. कल्पना चांगली आहे, फक्त नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा) अगदी खालच्या टोकाला, सिलिंडरजवळ हवा. हिशेब करून बघा. एक लिटरचा सिलिंडर आणि १७:१ गुणोत्तर (पिस्टन खाली असतानाची जागा वर असतानाच्या १७ पट) असेल तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा जेमतेम ६२ मिली. व्हॉल्व्ह वर गेजपाशी असेल आणि मधल्या नळीत १० मिली जागा वाढली, तर गुणोत्तर १५ च्या खाली येतं आणि आकडा अंदाजे सहाव्या हिश्श्याने पडतो. इंजिन चांगलं असूनही ‘कॉम्प्रेशन गेलंय’ असा निकाल लागतो.

तपासणीआधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट, मोजा. कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मापापेक्षा टॅपेट घट्ट असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही आणि दाब गळतो. हा दोष फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि पान्याने अर्ध्या तासात जातो. मग स्टॉप लिव्हर ओढून डिझेल बंद करा, एअर फिल्टर काढा, सगळे इंजेक्टर काढा. एकच इंजेक्टर काढून मोजलं तर बाकीचे सिलिंडर सेल्फला अडवतात आणि फेरे कमी पडतात. इंजेक्टरखालचा जुना तांब्याचा वॉशर बऱ्याचदा खाली चिकटून राहतो. वाकवलेल्या तारेने तो काढा, नाहीतर वॉशरवर वॉशर बसतो. उघड्या भोकांसमोर तोंड नेऊ नका, आतून ऑइल आणि काजळी जोरात येते.

बॅटरी पूर्ण चार्ज हवी. सेल्फ मारताना १२ व्होल्टच्या सिस्टिममध्ये व्होल्टेज ९.६ च्या खाली आणि २४ मध्ये १९ च्या खाली गेलं तर तो आकडा धरू नका. प्रत्येक सिलिंडरला सारखेच पाच-सहा ठोके द्या, म्हणजे पिस्टन तितक्या वेळा हवा दाबेल एवढाच सेल्फ मारा. पहिल्या ठोक्याचा आणि शेवटचा, दोन्ही आकडे लिहून ठेवा. पहिला ठोका खूप कमी आणि मग हळूहळू चढत गेला तर संशय रिंगांवर. पहिलाही कमी आणि पुढेही तिथेच अडकला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील).

जुन्या थेट फवारणीच्या इंजिनांत ३५० ते ४५० पीएसआय हा साधारण पट्टा धरा, खरा आकडा त्या मॉडेलच्या पुस्तकातलाच. पण सहाही सिलिंडर एकमेकांशी कसे जुळतात ते आकड्यापेक्षा जास्त सांगतं. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये १० ते १५ टक्क्यांहून जास्त फरक नसावा. इंजिन पुणे-कोल्हापूरकडे मोजलेलं असेल तर लक्षात ठेवा की ती गावं समुद्रापासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहेत आणि तिथली हवा विरळ आहे. तेच इंजिन रत्नागिरीच्या धक्क्यावर सहा-सात टक्के जास्त दाखवेल.

सिलिंडरमध्ये ऑइल टाकून पुन्हा मोजायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे, आणि तिनेच जास्त फसवणूक होते. ५ मिली, म्हणजे एक चहाचा चमचा, याहून जास्त ऑइल नको. त्या ६२ मिलीतली ५ मिली जागा ऑइलने भरली की एकही गळती न थांबता आकडा साधारण १० टक्के चढतो. म्हणून ३०० चे ३३० झाले तर काहीच सिद्ध होत नाही. ३०० चे ३८० झाले तर मात्र रिंगा किंवा लायनर (सिलिंडरची आतली नळी) घासलेत. शिवाय पिस्टनच्या माथ्यावर वाटी असते, त्यातच ऑइल साचून राहिलं तर रिंगांपर्यंत पोहोचतच नाही. अंदाजाने पळीभर ओतलं तर पाण्यासारखं ऑइलही दबत नाही, आणि सेल्फच्या झटक्याने कनेक्टिंग रॉड (पिस्टनला इंजिनाच्या फिरत्या दांड्याशी, म्हणजे क्रँकशी जोडणारा) वाकतो.

खरा निवाडा हवेने होतो. आकडा कमी आलेल्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री करा, क्रँक अडकवून ठेवा आणि पान्याचा हात काढून घ्या, कारण हवेच्या दाबाने क्रँक फिरतो. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर १०० पीएसआय देतो, तेवढा पुरतो. ती हवा इंजेक्टरच्या भोकातून आत सोडा. मग कान लावा. इनटेकमध्ये फुसफुस आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरच्या बाजूने आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ब्रीदरमधून आली तर रिंगा. रेडिएटरच्या किंवा हीट एक्स्चेंजरच्या टाकीत बुडबुडे आले तर हेड गॅस्केट किंवा चीर. हवा शेजारच्या सिलिंडरच्या भोकातून आली तर दोघांमधली गॅस्केट जळलीय. रिंगांतून थोडी हवा प्रत्येक इंजिनात जाते, म्हणून चांगल्या सिलिंडरचा आवाज आधी ऐकून ठेवा आणि त्याच्याशी तुलना करा.

एक प्रकार असा की आकडा कमी, पण हवा कुठूनच जात नाही. होडीतून उतरवलेल्या इंजिनात हे आढळलं तर सावध व्हा. ओल्या एक्झॉस्टमधून (धुरात समुद्राचं पाणी मिसळून बाहेर सोडणाऱ्या नळीतून) पाणी मागे सिलिंडरमध्ये आलेलं असतं, तशात कोणी सेल्फ मारलेला असतो आणि रॉड वाकलेला असतो. वाकलेल्या रॉडचा पिस्टन पूर्ण वर येत नाही. ओळखायला इंजेक्टरच्या भोकातून सरळ पितळी सळई पिस्टनवर टेकवा, क्रँक हाताने सावकाश फिरवून पिस्टन वरच्या टोकाला आणा आणि सळईवर खूण करा. सगळ्या सिलिंडरांत एकाच सळईने मोजा. एका ठिकाणी खूण अर्धा-एक मिलिमीटर खाली गेली तर ते इंजिन सोडून द्या. भोक तिरपं असेल तर फिरवताना सळई आत ठेवू नका, टोकाला आणल्यावरच घाला.

त्याच भोकातून मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा आत सोडा. लायनरवर होनिंगच्या (नवा करताना घासल्याच्या) तिरक्या बारीक रेषा दिसल्या तर आयुष्य शिल्लक आहे. आरशासारखी गुळगुळीत भिंत म्हणजे घासलेला लायनर. उभे ओरखडे म्हणजे तुटलेली रिंग किंवा चिकटलेला पिस्टन. गंजाचा आडवा पट्टा दिसला तर इंजिन पाणी आत असताना बरेच दिवस उभं होतं.

नुसतं उभं राहून रिंगा चिकटलेल्या असतील तर त्या सुटू शकतात. प्रत्येक सिलिंडरमध्ये रॉकेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं, दोन-तीन चमचे टाकून रात्रभर ठेवा. सकाळी भोकं उघडी ठेवून आधी हाताने आणि मग सेल्फने फिरवून सगळं बाहेर काढा, चेंबरमधलं (इंजिनाच्या तळाच्या भांड्यातलं) ऑइल बदला आणि पुन्हा मोजा. विकणारा एवढी एक रात्र द्यायला तयार नसेल तर त्याचं कारण विचारा.

व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटचा दोष असेल तर हेडकामाचा खर्च वजा करून इंजिन बिनधास्त घ्या. सहाही सिलिंडर सारखेच खाली असतील तर लायनर-पिस्टन किट पूर्ण बदलावं लागणार हे धरा आणि फक्त ब्लॉक-क्रँकची किंमत द्या. तेही चेंबर खोलून एक बेअरिंग बघूनच. बेअरिंगवर तांब्याचा रंग उघडा पडला असेल तर क्रँकचंही काम निघतं. एकाच सिलिंडरची हवा ब्रीदरमधून जोरात जात असेल तर हेड उघडून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. नंबर घासलेलं इंजिन कितीही चांगलं असलं तरी नको, नौकेच्या कागदांवर तोच नंबर चढवायचा असतो.

सौदा ठरला की इंजेक्टर नव्या तांब्याच्या वॉशरवर बसवा, आणि इंजिन होडीत जाईपर्यंत इनटेक व एक्झॉस्टची तोंडं ऑइल लावलेल्या फडक्याने आणि वर प्लास्टिकने बांधून ठेवा. उघड्या तोंडातून गेलेली खारी हवा जुलै संपेपर्यंत लायनरवर गंज चढवते.