गुलमर्गचा स्की-इतिहास खालून वर कसा पाहावा

महाराष्ट्रातून काश्मीरला जाणाऱ्या बहुतेक सहलींच्या वेळापत्रकात गुलमर्गच्या वाट्याला एकच दिवस येतो आणि तोही गोंडोलाच्या, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या केबल कारच्या, रांगेत, भाड्याचे गमबूट घालण्या-काढण्यात आणि छायाचित्रे घेण्यात सरतो. त्याच एका दिवसात भारतातील स्कीइंगचा जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास डोळ्यांखालून घालता येतो. त्यासाठी वेगळा खर्च नाही, फक्त पाहण्याचा क्रम नीट लावावा लागतो. गुलमर्गची सोय अशी की येथे जुने खाली आहे आणि नवे वर, त्यामुळे जसजसे चढत जावे तसतसा काळही पुढे सरकतो.

स्कीइंग पाहायचे असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत जावे. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस काश्मिरात ‘चिल्लई कलां’चा कडाका असतो आणि त्या दिवसांत पडलेला बर्फच पुढे हंगामभर टिकतो. श्रीनगर सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. बर्फ असताना पायथ्याच्या टंगमर्ग गावापासून वरच्या सुमारे तेरा किलोमीटरच्या चढाला चाकांना साखळ्या लावलेली गाडी घ्यावी लागते, म्हणून आदल्या रात्री गुलमर्गलाच मुक्काम केलेला बरा. गोंडोलाची तिकिटे केबल कार महामंडळाच्या संकेतस्थळावरून आधीच काढून ठेवावीत.

सुरुवात सकाळी मैदानातून करावी. हे मैदान सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहूनही हजार मीटर वर. तेव्हा पहिला तासभर सावकाश चालावे आणि पाणी पीत राहावे. वाटाडे आपली कहाणी गौरीमर्ग या जुन्या नावापासून, काश्मीरचा सोळाव्या शतकातला सुलतान युसुफ शाह चकपासून आणि जहांगीर बादशहाने वेचलेल्या फुलांपासून सुरू करतात. ती ऐकावी, पण स्कीच्या इतिहासाशी तिचा संबंध नाही. आपल्या कामाचे आहे ते १९०२ साली बांधलेले सेंट मेरी चर्च आणि त्याच्या भोवतीचे, हिवाळ्यात बर्फाखाली गेलेले गोल्फचे मैदान. मैदानी मुलखातल्या उन्हाळ्याला कंटाळलेले इंग्रज येथे गोल्फसाठी येत असत. हिवाळ्यातला त्यांचा खेळ नंतरचा. १९२७ मध्ये ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी येथे ‘स्की क्लब ऑफ इंडिया’ स्थापन केला आणि नाताळ व ईस्टरच्या सुमारास वर्षातून दोनदा मेळावे भरू लागले. चर्चपाशी उभे राहून वरच्या खिलनमर्ग या कुरणाकडचा चढ पाहावा आणि वर नेणारे कोणतेही यंत्र नसताना एका उतरणीसाठी किती चढावे लागत असेल, याचा अंदाज करावा.

स्वातंत्र्यानंतर तो हौशी मेळा पांगला आणि स्की लष्कराच्या गरजेची वस्तू झाली. १९४८ मध्ये जनरल थिमय्या यांनी येथे सैनिकांसाठी स्की-शाळा सुरू केली. १९६२ मध्ये ती हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल (अतिउंचीवरील युद्धाचे प्रशिक्षण देणारी शाळा) या नावाने नव्या रूपात उभी राहिली. हा टप्पा दुरूनच पाहावा लागतो. आत प्रवेश नाही आणि तिकडे कॅमेरा वळवू नये. बर्फाचे शास्त्र शिकवणाऱ्या या संस्थेचे सतरा जवान फेब्रुवारी २०१० मध्ये हिमस्खलनात गेले. खालून मऊ दुलईसारखे दिसणारे उतार पाहताना हे लक्षात असू द्यावे.

त्यानंतर शिकाऊ लोकांच्या उतारांवर यावे आणि दिवसातला सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा. १९६०च्या सुमारास स्कीसाठी योग्य जागा शोधण्यासाठी भारत सरकारने ऑस्ट्रियाचे माजी विश्वविजेते रुडॉल्फ मॅट यांना बोलावले आणि त्यांनी गुलमर्ग निवडले. १९६८ मध्ये येथे स्कीइंग व गिर्यारोहणाची सरकारी संस्था निघाली. नागरी स्कीइंग रुजले ते या संस्थेमुळे, असे माझे मत आहे. गोंडोलाचे कौतुक त्यामानाने फार होते. दोन तासांसाठी प्रशिक्षक ठरवावा, बूट पायाला घट्ट बसतो का ते पाहून घ्यावा, स्कीची पुढची टोके जवळ आणून वेग आवरण्याचे तंत्र आधी शिकावे आणि पडायचेच झाले तर बाजूला पडावे. मधल्या विश्रांतीत प्रशिक्षकाला किंवा सामान भाड्याने देणाऱ्याला त्याच्या लहानपणीचे गुलमर्ग विचारावे. असेच भाड्याच्या सामानाचे दुकान चालवणाऱ्याचा मुलगा, टंगमर्गजवळच्या गावचा आरिफ खान, २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता.

दुपारी गोंडोला घ्यावा. खांब मोजत जाण्यापेक्षा त्याच्या बांधकामात पडलेला खंड ध्यानात घ्यावा: १९८०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सच्या पोमागाल्स्की कंपनीबरोबर करार झाला, काम सुरू झाले आणि १९९० मध्ये काश्मीरच्या अशांततेत ते थांबले. कोंगदूरी या मधल्या स्थानकापर्यंतचा पहिला टप्पा सुरू व्हायला १९९८ उजाडले आणि त्याच वर्षी राष्ट्रीय हिवाळी क्रीडास्पर्धाही येथे भरल्या. दुसरा टप्पा २००५ मध्ये अफरवट शिखराच्या खांद्यापर्यंत, सुमारे ३,९५० मीटरवर पोहोचला. ‘वर ते नवे’ या हिशेबाला अपवाद एकच, तो म्हणजे कोंगदूरीहून मेरीज शोल्डरला नेणारी खुर्च्यांची लिफ्ट. ती दुसऱ्या टप्प्याहून खाली असूनही २०११ ची आहे.

दुसरा टप्पा वाऱ्यामुळे किंवा हिमस्खलनाच्या धोक्यामुळे वरचेवर बंद राहतो. तो पाहायचाच असेल तर एक दिवस हाताशी राखून ठेवावा. वर चक्कर किंवा डोकेदुखी जाणवली तर लगेच खाली यावे. स्की येत असली तरी आखलेली वाट सोडण्यापूर्वी त्या दिवसाची हिमस्खलनाची सूचना वाचावी आणि माहितगार वाटाड्याविना जाऊ नये. ज्यांना स्की येत नाही त्यांनी वर पोहोचताच परतीच्या शेवटच्या पाळण्याची वेळ विचारून घ्यावी आणि त्याच्या अर्धा तास आधी रांगेत उभे राहावे.